सवाल तुमचे, उत्तरं आमची : इस्रायल-पॅलेस्टाईनचं नेमकं भांडण काय?

गेल्या अंकात आम्ही दोन ओळी छापल्या होत्या की इस्रायल-पॅलेस्टाईनवर काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि इतकं आलं की अर्धं वाचताना वाटलं लोकांना उत्तर नकोच आहे, कोणाशी तरी भांडायचंय. तरी जे खरंच विचारलेलं होतं ते वेगळं काढलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलं म्हणून सगळ्यांचाच फक्त गाव-मोहल्ला दिलाय.

ताई, हे भांडण तर हजारो वर्षांचं आहे. यहुदी आणि मुसलमान आधीपासूनचे दुश्मन. मग आता कसं मिटणार, आणि आपण कशाला डोकं लावायचं?
— एक काका, सुदामानगर, इंदूर

काका, हा मेसेज माझ्याकडेही येतो, त्यात नेहमी एक जुना नकाशा असतो. हजारो वर्षांचं आहे ते त्या जागेशी नातं, आणि ते दोघांचंही आहे. भांडण मात्र सव्वाशे वर्षांचंच. १५१७ पासून १९१७ पर्यंत तिथे ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं आणि यरुशलेम, हेब्रॉन, सफेद, तिबेरियास इथे थोडे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या राहतच होते. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही म्हणत मी, पण आज जी लढाई दिसते ती तेव्हा नव्हती.

सुरुवात झाली युरोपात. रशियात १८८१ नंतर यहुद्यांवर हल्ले, दंगे, गावंच्या गावं पळाली, आणि मग १८९७ मधे स्वित्झर्लंडच्या बाझलला हर्झल नावाच्या यहुदी पत्रकाराने पहिली झायनिस्ट काँग्रेस भरवली, म्हणजे मागणी अशी की आम्हाला स्वतःची एक जागा पाहिजे जिथून कोणी हाकलणार नाही. मागणी समजण्यासारखी होती. पण ज्या जागेची मागणी होती तिथे लोक राहत होते, शेती करत होते. २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बाल्फोर साहेबांनी तिथल्या यहुद्यांचे पुढारी लॉर्ड रॉथशील्डना पत्र लिहिलं की पॅलेस्टाईनमधे यहुद्यांचं राष्ट्रीय घर व्हावं याला सरकारचा पाठिंबा आहे, आणि तिथल्या इतर लोकांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये. राजकीय हक्कांचा शब्दच नाही त्यांच्यासाठी. त्याच्या एक-दोन वर्षं आधी याच इंग्रजांनी मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं लिहून अरबांच्या स्वातंत्र्याची आशा दाखवलेली. जमीन यांची नाहीच, वाटतायत दोघांना!

१९२२ च्या जनगणनेत तिथे साधारण साडेसात लाख माणसं, त्यात यहुदी ८४ हजारांच्या आसपास. पंचवीस वर्षांनी ते एक तृतीयांश झाले होते. का, तर मधे १९३३ ला हिटलर आला आणि बाकीच्या जगाने दारं बंद केली. आता जमीन कशी मिळाली ते बघा, कारण खरी मेख तिथेच आहे. बरीच मोठी खरेदी बैरुतमधे बसलेल्या जमीनदारांकडून झाली, सुरसोक नावाच्या घराण्याने जेझ्रील खोऱ्यातल्या जमिनी विकल्या. कागद पक्के, पैसे पूर्ण, कायद्याने सगळं बरोबर. पण कसणारी कुळं बेदखल झाली आणि त्या कुळाला कोणी विचारलंच नव्हतं. मालव्यात किंवा महाराष्ट्रात ज्यांच्या घरात कूळकायद्याच्या गोष्टी झाल्यात त्यांना हे समजवून सांगायला नको.

मग १९२९ ला हेब्रॉनमधे दंगल, ६७ यहुदी मारले गेले, आणि काही अरब शेजाऱ्यांनी आपल्या घरात लपवून यहुद्यांना वाचवलं हेही त्याच दिवसाचं. १९३६ ते ३९ अरबांचं बंड, इंग्रजांनी ते चेचलं. १९३७ ला इंग्रजांचंच पील कमिशन म्हणालं फाळणी करा, १९३९ ला सरकार उलटं फिरून म्हणालं आता पाच वर्षांत फक्त ७५ हजार यहुदी येतील, आणि हे ऐन त्या वेळी जेव्हा युरोपात त्यांच्या मरणाची तयारी चालू होती. म्हणून काका, हे ‘आधीपासूनचे दुश्मन’ वगैरे ऐकलं की मला चीड येते, कारण त्यात इंग्रज, जमीन, कुळं, हिटलर सगळं पुसलं जातं आणि फक्त धर्म उरतो.

आदरणीय संपादक, १९४७ साली भारताने इस्रायलच्या विरोधात मत दिले होते हे खरे आहे काय? आणि गांधीजी व सावरकर यांची मते काय होती? नातवाशी पैज लागली आहे.
— एक आजोबा, लष्कर, ग्वाल्हेर

आजोबा, खरं आहे, पैज तुमच्या बाजूने असेल तर वसूल करा. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत फाळणीचा ठराव १८१ आला, बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. भारत त्या १३ मधे. त्याआधी तपासाला जी अकरा देशांची समिती गेली होती तिच्यात भारत होता आणि इराण, युगोस्लाव्हियाबरोबर आपण वेगळा तोडगा दिला की दोन देश नको, एकच संघराज्य करा. आपली स्वतःची फाळणी होऊन साडेतीन महिने झाले होते, निर्वासितांच्या गाड्या अजून येत होत्या, तेव्हा दुसऱ्याच्या फाळणीला हो कोणत्या तोंडाने म्हणणार.

गांधीजींनी २६ नोव्हेंबर १९३८ च्या ‘हरिजन’मधे लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं, फ्रान्स जसा फ्रेंचांचा, तसंच पॅलेस्टाईन अरबांचं. त्याच लेखात यहुद्यांबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण जर्मनीतल्या यहुद्यांना सत्याग्रहाचा सल्लाही आहे आणि तो वाचवत नाही, खरं सांगते. सावरकरांनी उलट डिसेंबर १९४७ मधे यहुदी राज्याचं स्वागत केलं आणि भारताच्या मतावर टीका केली. म्हणजे नातू आणि तुम्ही दोघंही थोडे थोडे जिंकलात.

नंतरचं थोडक्यात : १७ सप्टेंबर १९५० ला इस्रायलला मान्यता, पण राजदूत नाही. १९७४ ला पीएलओला, म्हणजे पॅलेस्टिनी गटांच्या एकत्र संघटनेला, मान्यता, १९८८ ला पॅलेस्टाईन देशालाही. २९ जानेवारी १९९२ ला नरसिंह रावांच्या काळात इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. जुलै २०१७ मधे मोदी इस्रायलला गेले, तिथे जाणारे पहिले भारतीय पंतप्रधान, आणि फेब्रुवारी २०१८ मधे रामल्लाला, जिथून पॅलेस्टिनी कारभार चालतो. भारत दोन्हीकडे बोलतो, बाजार आणि शस्त्रं मात्र एकीकडे. मला यात ढोंग कमी आणि हिशोब जास्त दिसतो.

१९४८ ला अरब स्वतःहून घरं सोडून गेले, त्यांच्या नेत्यांनीच सांगितलं होतं, असं मी वाचलंय. मग निर्वासित कसले?
— रामबाग, इंदूर

१४ मे १९४८ ला यहुद्यांचे नेते बेन गुरियननी इस्रायलची घोषणा केली, दुसऱ्या दिवशी शेजारचे अरब देश फौजा घेऊन आत आले. पण तोपर्यंत लाखो अरब आधीच निघालेले होते, कारण आतल्या आत युद्ध नोव्हेंबरपासूनच चालू होतं. ९ एप्रिलला यरुशलेमजवळ दैर यासीन गावात इर्गुन आणि लेही या यहुदी गटांनी शंभराच्या वर गावकरी मारले, चार दिवसांनी अरबांनी हदासा हॉस्पिटलकडे जाणारा ताफा अडवून ७८ जणांना मारलं, डॉक्टर-नर्सेसही. दैर यासीनची बातमी फिरली आणि लोक पळाले. काही श्रीमंत आधीच गेले होते हे खरं, काही ठिकाणी अरब पुढाऱ्यांनी बायका-मुलांना हलवा सांगितलं हेही खरं. पण जुलैमधे लिद्दा आणि रामले या दोन गावांतल्या लोकांना सरळ हुकूम देऊन बाहेर काढलं गेलं, उन्हात चालत, आणि हुकुमावर सही होती तरुण अधिकारी यित्झाक राबिनची, त्याचं नाव पुढे परत येईल. हे कोणा अरबाने सांगितलेलं नाही, इस्रायलचे बेनी मॉरिससारखे इतिहासकार आपल्याच सरकारी दप्तरातून हे बाहेर काढत आलेत.

एकूण सात लाखांच्या वर माणसं गेली आणि चारशेच्या वर गावं ओस पडली. तर मुद्दा असा की घाबरून गेले, हाकलले किंवा सांगून गेले, तरी परत का येऊ दिलं नाही? घर सोडून पळालेला माणूस घराचा हक्क सोडत नाही, हे सिंधी कॉलनीतल्या कोणालाही विचारा. डिसेंबर १९४८ मधे संयुक्त राष्ट्रांचा ठराव १९४ आला की ज्यांना शांततेने परत यायचंय त्यांना येऊ द्या. इस्रायलने येऊ दिलं नाही, १९५० मधे कायदा करून त्यांची मालमत्ता ‘गैरहजर मालकांची’ म्हणून ताब्यात घेतली. इस्रायलचं म्हणणं की एवढे लोक परत आले तर यहुदी देशच राहणार नाही.

दुसरी बाजूही लिहून ठेवा, ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को इथून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत आठ लाखांच्या आसपास यहुदी निघाले, बरेचसे भीतीने, मालमत्ता तिथेच टाकून. त्यांच्या नातवंडांना ‘युरोपियन वसाहतवाले’ म्हटलं की ती खवळतात आणि त्यांचं बरोबर आहे.

ताई मी कॉलेजला आहे, मला वेस्ट बँक, गाझा, ग्रीन लाइन, एरिया सी हे सगळं मिक्स होतं. सोपं करून सांग ना.
— दांडिया बाजार, वडोदरा

बघ, १९४९ च्या युद्धबंदीत नकाशावर हिरव्या शाईने जी रेघ ओढली ती ग्रीन लाइन. तिच्या आत इस्रायल, जुन्या पॅलेस्टाईनचा ७८ टक्के भाग. बाहेर दोन तुकडे उरले : जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा मोठा तुकडा वेस्ट बँक, तो जॉर्डनकडे गेला, आणि समुद्राकाठची छोटी पट्टी गाझा, ती इजिप्तकडे. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने दोन्ही घेतले, पूर्व यरुशलेम, इजिप्तचं सिनाई आणि सीरियाचं गोलानही. सिनाई इजिप्तशी तह करून १९८२ पर्यंत परत दिलं. बाकीच्यावरच सगळं अडलंय.

वेस्ट बँकेत १९९५ पासून तीन भाग. एरिया ए म्हणजे मुख्य शहरं, पॅलेस्टिनी कारभार. बी म्हणजे कारभार त्यांचा, सुरक्षा इस्रायलची. सी म्हणजे सगळं इस्रायलच्या हातात, आणि हा सी ६० टक्के आहे! ए आणि बी त्यात ठिपक्यांसारखे विखुरलेले, म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना चेकपोस्ट. सी मधे इस्रायली वस्त्या, ज्यांना सेटलमेंट म्हणतात. जगातल्या बहुतेक देशांच्या मते त्या आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध, इस्रायल हे मानत नाही.

गाझाची लांबी ४१ किलोमीटर, म्हणजे आमच्या इंदूरहून देवास गाठलंत की गाझा संपला, रुंदी कुठे सहा तर कुठे बारा किलोमीटर, आणि त्यात वीस लाखांच्या वर माणसं, त्यातले बहुतेक १९४८ च्या निर्वासितांची पोरं-नातवंडं. २००५ मधे इस्रायलने तिथल्या २१ वस्त्या, साधारण आठ हजार लोक, उठवून फौज बाहेर नेली. जानेवारी २००६ ला पॅलेस्टिनी निवडणूक हमास या इस्लामी संघटनेने जिंकली, २००७ ला फतह या दुसऱ्या पॅलेस्टिनी पक्षाशी मारामारी करून पूर्ण ताबा घेतला, आणि इस्रायल-इजिप्तने नाकेबंदी केली. परीक्षेत आलं तर एवढं पुरे.

हे म्हणजे आपल्याकडच्या हिंदू-मुसलमान प्रकरणासारखंच ना? सरळ गोष्ट आहे.
— राजेंद्रनगर, इंदूर

नाही. बेथलेहेम, बैत जाला इथले पॅलेस्टिनी ख्रिश्चन आहेत आणि त्यांचीही जमीन जाते. विमानं पळवणाऱ्या पीएफएलपी या पॅलेस्टिनी गटाचा संस्थापक जॉर्ज हबाश ख्रिश्चन होता. इस्रायलच्या नागरिकांत पाचातला एक अरब आहे, मत देतो. ड्रूझ, म्हणजे अरबी बोलणारे पण वेगळ्या धर्माचे लोक, इस्रायली फौजेत आहेत. आपलं घरचं भांडण तिकडे नेऊन चिकटवलं की ना ते समजतं ना हे, फक्त ग्रुपवर मजा येते.

पण ताई, एकदा शांतता करार झाला होता ना? नोबेलही मिळालं होतं. मग काय बिघडलं?
— मांजलपूर, वडोदरा

हा मला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. १९८७ मधे पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, सुरू झाला, दगड घेऊन पोरं रस्त्यावर, त्याच वर्षी हमासचाही जन्म. तेव्हा दोन्हीकडच्या थकलेल्या म्हाताऱ्यांना कळलं की असं चालणार नाही. नॉर्वेत, ऑस्लोला, गुपचूप बोलणी झाली आणि १३ सप्टेंबर १९९३ ला व्हाइट हाऊससमोर आता पंतप्रधान झालेले तेच राबिन आणि पीएलओचे अराफात यांनी हात मिळवले. पीएलओने इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं, पण इस्रायलने बदल्यात पीएलओला प्रतिनिधी म्हणून मानलं, पॅलेस्टाईन देशाला नाही. यरुशलेम, निर्वासित, वस्त्या, सीमा, म्हणजे जे खरं भांडण तेच सगळं पाच वर्षांनंतरच्या तारखेवर ढकललं. विचार असा की आधी विश्वास बसू दे.

पण तारीख लांब असली की मोडणाऱ्यांना वेळ मिळतो. २५ फेब्रुवारी १९९४ ला हेब्रॉनच्या मशिदीत बारुख गोल्डस्टाईनने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. एप्रिलमधे हमासने अफुला गावात बसजवळ कार उडवली, आणि मग बसेस उडतच राहिल्या. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवमधे शांततेच्या सभेनंतर राबिनला गोळी घातली ती कोणा अरबाने नाही, यिगाल आमीर नावाच्या यहुदी तरुणाने, जमीन देतोय म्हणून. पुढच्या मे महिन्यात नेतन्याहू एक टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. आणि बोलणी चालू असतानाही वस्त्या वाढत गेल्या, १९९३ मधे वेस्ट बँकेत लाखाच्या आसपास इस्रायली राहत होते, आज पाच लाखांच्या आसपास, पूर्व यरुशलेम धरलं तर अजून जास्त. ज्या जमिनीवर वाटाघाट चाललीय तिच्यावरच एक पार्टी घर बांधतेय, आणि दुसऱ्या पार्टीतले काही जण बाजारात बॉम्ब फोडतायत, तर करार टिकणार कसा? २००० मधे कॅम्प डेव्हिडला बोलणी फसली, सप्टेंबरमधे दुसरा इंतिफादा, मग २००२ पासून इस्रायलने वेस्ट बँकेत बांधायला घेतलेली भिंत.

मला विचाराल तर हा ऑस्लो करार वाईट नव्हता, भित्रा होता.

इस्रायलमधे मराठी बोलणारे लोक आहेत म्हणतात, खरंच का?
— स्नेहलतागंज, इंदूर

खरंच! बेने इस्रायली, कोकणातले, ज्यांना रायगडकडे शनिवार तेली म्हणायचे कारण तेलाचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. १९४८ नंतर बरेच गेले. दिमोना, अश्दोद, बीरशेबा इथे भरपूर, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघतं. पण पोचल्यावर स्वागत हारतुऱ्यांनी झालं असं नाही, १९६२ मधे तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयाने त्यांच्या लग्नाला शंका काढल्या की हे पूर्ण यहुदी आहेत का. बेने इस्रायलींनी आंदोलन केलं, यरुशलेममधे धरणं धरलं, आणि १९६४ मधे सरकारला मान्य करावं लागलं की ते सगळ्या अर्थांनी यहुदी आहेत. बरेच जण लोद आणि रामला इथेही वसले. लोद म्हणजे वर सांगितलेलं लिद्दा, आणि रामला म्हणजे रामले. त्या बिचाऱ्यांना सरकारने जिथे पाठवलं तिथे ते राहिले, पण आपल्या मराठीत बोलणाऱ्या कोणा आजीच्या गल्लीत १९४८ पर्यंत दुसरंच कोणी राहत होतं.

गोल गोल नको, ताई. तुम्ही कोणाच्या बाजूने?
— तीन पत्रं, तिन्ही इंदूरची

बरं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने साधारण १२०० लोक मारले, २५१ जणांना ओलीस नेलं, त्यात म्हाताऱ्या आणि तान्ही मुलं. त्याला ‘प्रतिकार’ म्हणणारे माझ्या बाजूचे नाहीत. त्यानंतर दोन वर्षांत गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार ६७ हजारांच्या वर माणसं मेली, मंत्रालय हमासच्या हातात आहे पण मागच्या युद्धांत त्याचे आकडे साधारण खरे निघालेत. ऑगस्ट २०२५ मधे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था ज्या यंत्रणेवर चालतात तिने गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर केला, पाऊस न पडल्याचा नाही, ट्रक अडवल्याचा. इस्रायल म्हणतं दुष्काळ नव्हताच. त्याला ‘स्वसंरक्षण’ म्हणणारेही माझ्या बाजूचे नाहीत. नोव्हेंबर २०२४ मधे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नेतन्याहू, त्यांचे माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करप्रमुख मोहम्मद दैफ, तिघांवर वॉरंट काढलं, मला ते तिन्ही बरोबर वाटतात.

१० ऑक्टोबर २०२५ ला युद्धविराम झाला, तीन दिवसांनी शेवटचे २० जिवंत ओलीस घरी आले, पण गाझात त्यानंतरही माणसं मारली गेलीच. आणि जमिनीचा हिशोब आहे तिथेच आहे. दोन देश करा, एक करा, काहीही करा, त्या कुळाला आणि त्या निर्वासिताला विचारल्याशिवाय जे ठरेल ते ऑस्लोसारखंच होईल, आणि इस्रायलच्या माणसाला रात्री झोप लागेल याची हमी नसेल तर तोही सही करणार नाही. याला गोल गोल म्हणायचं तर म्हणा.

माझ्या मुलाला इस्रायलमधे बांधकामाच्या नोकरीचं कळलंय, एजंट साडेतीन लाख मागतोय. पाठवू का?
— एक आई, मुरार, ग्वाल्हेर

ताई, थांबा, एजंटला एक रुपया देऊ नका. मे २०२३ मधे दोन सरकारांत ४२ हजार भारतीय कामगारांचा करार झाला, ३४ हजार बांधकामात, ८ हजार नर्सिंगमधे. युद्धानंतर पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाले म्हणून मागणी एकदम वाढली. सरकारी भरती राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळामार्फत होते, सुतारकाम, सळई बांधणं, टाइल, प्लास्टर यांची प्रत्यक्ष परीक्षा घेतात, पगार महिन्याला १ लाख ३७ हजारांच्या आसपास जाहीर केला होता. मुलाच्या हातात यातलं काम खरंच आहे का ते आधी बघा, कारण तिथे गेल्यावर काम येत नाही म्हणून दुसऱ्याच कामाला लावलेली मुलंही आहेत. मार्च २०२४ मधे लेबनॉन सीमेजवळच्या शेतात क्षेपणास्त्र पडून केरळचा एक तरुण गेला, तेव्हा कामाची जागा कोणत्या भागात आहे, तिथे बंकर आहे का, विमा कोणाचा, आणि पासपोर्ट मुलाच्याच हातात राहणार का, हे सगळं लेखी घ्या. लेखी द्यायला जो तयार नाही त्याच्याकडून मुलाचे कागद आजच परत आणा.